मण्याला गाव असतं

गाणगापूरच्या निर्गुण मठाकडे जाणाऱ्या रस्त्याला माळांची दुकानं आहेत. रुद्राक्षाच्या, तुळशीच्या, चंदनाच्या, स्फटिकाच्या माळा वर टांगलेल्या असतात. खाली टोपल्यांत आणि प्लॅस्टिकच्या डब्यांत काचेचे मणी असतात. काळ्या पोतीचे सर, तान्ह्या बाळाच्या मनगट्या, रंगीत माळा. सोलापूर, लातूर, सांगली, पुण्याहून आलेले भाविक भीमा-अमरजेच्या संगमावर आंघोळ करतात, माधुकरी मागतात, झरोक्यातून पादुकांचं दर्शन घेतात आणि परतताना भस्म, प्रसाद आणि एखादी माळ पिशवीत टाकतात.

‘गुरुचरित्रा’च्या एकोणतिसाव्या अध्यायात भस्माचा महिमा आहे आणि तेहेतिसाव्यात रुद्राक्षाचा. म्हणून या क्षेत्री या दोन्ही गोष्टींना मान आहे, आणि दोन्हींचा ठावठिकाणाही लोकांना माहीत असतो. भस्म भस्माच्या डोंगरावरचं. रुद्राक्ष नेपाळचा की इंडोनेशियाचा, हे चौकस गिऱ्हाईक दुकानदाराला विचारून घेतं. काचेच्या मण्याला मात्र कोणी काही विचारत नाही. तो कुठल्या गावात झाला, कोणाच्या हातून झाला, काच कुठली, यांतलं काहीही न कळता तो गळ्यात पडतो. ज्या काळ्या मण्यांवर आपल्याकडे अख्ख्या संसाराची खूण ठेवली आहे, त्यांच्या बाबतीतही हेच.

पश्चिम आफ्रिकेत एक समाज असा आहे की त्याने टाकून दिलेल्या बाटल्यांच्या काचेपासून मणी केले, त्या मण्यांना आपलं नाव दिलं आणि ते नाव जगभर पोचवलं. त्यांची गोष्ट गाणगापूरच्या बाजारात उभं राहून वाचण्यासारखी आहे. कारण त्यांच्याजवळ जे होतं, त्यातलं बरंचसं आपल्याजवळही होतं.

ओडुमासेची भट्टी

घानाची राजधानी अक्रा. तिथून ईशान्येला सत्तर-ऐंशी किलोमीटरवर ओडुमासे आणि सोमान्या ही क्रोबो लोकांची गावं आहेत. व्होल्टा नदीवरचं अकोसोम्बोचं मोठं धरण तिथून जवळच आहे. इथे घरोघरी, आंब्याच्या नाहीतर ताडाच्या सावलीत, मण्यांचं काम चालतं. काच विकत घेतलेली नवी नसते. बिअरच्या हिरव्या आणि तपकिरी बाटल्या, सरबतांच्या बाटल्या, खिडक्यांची फुटकी तावदानं, जुन्या मण्यांचे तुकडे, जे मिळेल ते. पूर्वी औषधाच्या निळ्या बाटल्यांना आणि कोल्डक्रीमच्या दुधी पांढऱ्या बरण्यांना फार मागणी असे, कारण ते रंग सहजी मिळत नसत.

बाटली धुतात, कागद खरवडून काढतात आणि लोखंडी उखळात जड मुसळाने कुटतात. कुटलेली काच चाळून चाळून वस्त्रगाळ पूड करतात. तिच्यात मातीच्या भांड्यांना वापरतात ते रंग मिसळतात. साचा स्थानिक चिकणमातीचा असतो. जाड चकती, तिच्यात ओळीने खळगे आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी मधोमध एक बारीक छिद्र. काच साच्याला चिकटू नये म्हणून खळग्यांना आतून केओलिन या पांढऱ्या मातीचा पातळ हात देतात. मग तळाच्या छिद्रात कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात. आपल्याकडे ज्या कंदाचा साबुदाणा होतो, तोच हा कसावा. देठाभोवती पूड भरायची, एक रंग, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. बोटाने हलकेच ठोकून थर बसवायचे. भट्टीत देठ जळून जातो आणि त्याच्या जागी दोरा ओवायचं भोक राहतं. सुई नाही, गिरमीट नाही. मण्याचं भोक पानाच्या देठाने पाडायचं, ही युक्ती ज्या कोणा कारागिराला पहिल्यांदा सुचली, त्याच्यापुढे हात जोडावेत.

भट्टीही हातचीच असते. तिला वारुळाची माती लागते, कारण वाळवीने मळलेली ती माती आच चांगली सोसते. सातशे ते साडेआठशे अंश सेल्सिअसच्या आसपास, अर्धा तास किंवा थोडा कमीअधिक. एवढ्या आचेत पूड वितळून वाहत नाही. कण फक्त एकमेकांना धरतात आणि एकजीव होतात. साचा बाहेर आला की कारागीर दोन्ही हातांत लोखंडी टोच्या घेतो. मणी अजून लाल असतो. एका टोच्याने भोक मोकळं करायचं, दुसऱ्याने मणी साच्यातच फिरवत गोल करायचा. गार झाल्यावर दगडावर वाळू आणि पाणी टाकून मणी तळहाताखाली घासतात. काचेची रखरख गेली, अंगावर मंद तकाकी आली, की मणी झाला.

हा पुडीचा मणी. याखेरीज आणखी दोन प्रकार आहेत. एक पारदर्शक. त्यासाठी काचेची पूड करत नाहीत, तुकडेच साच्यात ठेवतात, आच वाढवून मऊ करतात आणि भोक नंतर टोच्याने पाडतात. बाटलीचा हिरवा रंग मण्यात तसाच खुलतो. दुसरा रंगवलेला. साधा मणी एकदा भाजून घेतात. मग बारीक काचपूड आणि रंग पाण्यात कालवून, मणी तारेवर फिरवत त्यावर रेघा, ठिपके, डोळे काढतात आणि पुन्हा भट्टीत घालतात. दोनदा आच खाल्लेली ती नक्षी मग निघत नाही.

या मण्यांचे बाजार ठरलेले आहेत. ओडुमासेजवळच्या अगोमान्याला बुधवारी आणि शनिवारी, कोफोरिडुआला गुरुवारी. गिऱ्हाइकाला मणी कोणी केला ते सांगता येतं, कारण करणारा किंवा त्याच्या घरची बाईच विकायला बसलेली असते. नोमोडा एबेनेझर जाबा या कारागिराची ‘सेडी बीड्स’ ही कार्यशाळा आज परदेशी पाहुण्यांच्या वाटेवरचं ठिकाण झाली आहे. लोक तिथे जातात, कुटताना बघतात, स्वतः एक मणी घासून पाहतात आणि विकत घेतात. मण्याबरोबर त्याचं गावही घरी नेतात.

मुलगी, मणी आणि एक बंदी

क्रोबो समाजात मुलगी वयात येताना ‘दिपो’ नावाचा विधी होतो. काही दिवस चालणाऱ्या या विधीत मुलीच्या कमरेला, गळ्याला, दंडाला, पोटरीला मणी बांधतात. अखेरच्या दिवशी तर ती मण्यांनी झाकून गेलेली असते. त्यांतले कित्येक मणी आजीचे, पणजीचे असतात. ते विकायचे नसतात, जपून पुढच्या मुलीला द्यायचे असतात. घराण्याचा इतिहास कागदावर नसेल तेव्हा तो या सरांवर मोजला जातो.

या विधीवर इंग्रजांनी घाला घातला होता. क्रोबो लोक पूर्वी क्रोबो डोंगरावर राहत. १८९२ साली ब्रिटिश वसाहतीच्या सरकारने त्यांना डोंगरावरून खाली उतरवलं आणि त्यांच्या विधींवर, दिपोवरसुद्धा, बंदी घातली. मिशनऱ्यांचा विरोध वेगळाच. तरी दिपो टिकला. आज त्यावर तिथल्याच लोकांत वाद आहेत. फार लहान मुलींचा विधी उरकून घेतात, हा आक्षेप रास्त आहे. पण दिपो टिकला म्हणून मण्याला घरचं गिऱ्हाईक टिकलं, आणि घरचं गिऱ्हाईक होतं म्हणून कारागिरी टिकली. परदेशी पाहुणा फार नंतर आला.

घानात बाळ जन्मलं की त्याच्या मनगटाला आणि कमरेला मण्यांचा सर बांधतात. सर घट्ट होऊ लागला की आईला कळतं, बाळ अंग धरतं आहे. आपण बारशाला बाळाच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या घालतो, कमरेला करगोटा बांधतो. समुद्रापलीकडच्या त्या आया आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या आपल्या आया एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, तरी बाळाला कशाने जपायचं याबद्दल त्यांचं एकमत आहे. म्हणीही जुळतात. घानातले अकान लोक म्हणतात की चांगला मणी बोलत नाही. आपण म्हणतो, उथळ पाण्याला खळखळाट फार.

आफ्रिकेने काच स्वतः केली

पश्चिम आफ्रिकेत काच युरोपियनांनी नेली, असं फार काळ मानलं गेलं. व्हेनिसचे मणी, बोहेमियाचे मणी, त्यांच्या बदल्यात सोनं, हस्तिदंत आणि माणसं. गुलामांच्या व्यापारात मणी हे चलन होतं, ही गोष्ट खरी आहे आणि ती विसरू नये. पण त्याआधीचाही एक इतिहास आहे. नायजेरियातील इग्बो-उक्वू इथे थर्स्टन शॉ यांनी १९५९ पासून केलेल्या उत्खननात काचेचे आणि तांबड्या अकीकाचे मिळून १,६५,००० हून अधिक मणी मिळाले. ते साधारण हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांतले काही अकीकाचे मणी खंबातकडून गेले असावेत, असं काही अभ्यासक मानतात.

त्याहून मोठी गोष्ट नायजेरियातल्याच इले-इफेची. तिथल्या इग्बो ओलोकुन या जागेवर अबिदेमी बाबातुंडे बाबालोला या संशोधकाने उत्खनन केलं. बारा हजारांहून अधिक मणी, काच वितळवायच्या मुशींचे शेकडो तुकडे तिथे मिळाले. काचेची रासायनिक घडण युरोपच्या किंवा इस्लामी जगाच्या काचेशी जुळत नाही. चुन्याचं आणि अ‍ॅल्युमिनाचं प्रमाण जास्त असलेली ही काच तिथल्याच कच्च्या मालापासून, अकराव्या ते पंधराव्या शतकाच्या दरम्यान तिथल्याच लोकांनी केली होती. २०१७ साली हे संशोधन ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात आलं आणि पश्चिम आफ्रिका फक्त काच विकत घेत होती हे म्हणणं मागे पडलं.

ही परंपरा नाना रूपांनी पुढे आली. नायजेरियातील बिदा इथले मासागा कारागीर बाटल्या वितळवून मणी आणि बांगड्या करत. एस. एफ. नाडेल यांनी १९४२ च्या आपल्या ‘अ ब्लॅक बायझॅन्टियम’ या ग्रंथात त्यांच्या कारागीरमंडळाबद्दल लिहिलं आहे. मॉरिटानियात किफा गावाच्या परिसरात हे काम बायकांचं. बारीक कुटलेली काच थुंकीत किंवा डिंकात कालवून, सुईच्या टोकाने एकेक रेघ ओढायची आणि लहानशा डब्यात भाजायचं. रेमाँ मोनी यांनी १९४९ साली त्याची नोंद केली. एका मण्यावर एका बाईचा कितीतरी वेळ खर्च होई. म्हणूनच जुने किफा मणी आज संग्राहक शोधत फिरतात.

भीमेच्या काठचे मणी

आता आपल्याकडे येऊ. गाणगापूरहून भीमा खाली जाते ती कलबुर्गी जिल्ह्यातल्याच सन्नतीला. सम्राट अशोकाचा लेख आणि कनगनहळ्ळीचा स्तूप यांमुळे सन्नती जगाला ठाऊक झाली. उत्तरेला, धाराशिव जिल्ह्यात, तेर आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथातलं तगर ते हेच. तिथून माल भडोचच्या बंदराला आणि पुढे समुद्रापार जाई. तेरला, नेवाशाला, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला, शेजारच्या तेलंगणातल्या कोंडापूरला, जिथे जिथे सातवाहन काळाचे थर उघडे झाले, तिथे तिथे काचेचे मणी निघाले. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेलेल्या माणसाला त्या काळाची श्रीमंती डोळ्यांनी पाहता येते.

या मण्यांकडे सगळ्यांत आधी लक्ष देणाऱ्यांमध्ये एक मराठी माणूस होता. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित. हसमुख सांकळियांबरोबर त्यांनी १९४५-४६ मध्ये ब्रह्मपुरी खणली. तिथल्या बहामनी काळातल्या थरांत काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. १९४९ साली डेक्कन कॉलेजने त्यांचा ‘एच्ड बीड्स इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, पुढे कोंडापूरच्या मण्यांवर त्यांचा अभ्यास आला, आणि १९६९ साली मुंबई विद्यापीठाने ‘हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास’ छापला. उत्खननात सोनं, नाणी, मूर्ती शोधण्याकडे लोकांचा ओढा असताना दीक्षितांनी मुठीत मावणाऱ्या मण्याला इतिहासाचा साक्षीदार मानलं. मराठी वाचकाला त्यांचं नाव ठाऊक नसावं, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

आपल्याकडचे मणी आफ्रिकेलाही गेले. रायगड जिल्ह्यातलं चौल हे जुनं बंदर. तिथल्या उत्खननातले मणी आणि केनियाच्या किनाऱ्यावरचे मणी यांची प्रयोगशाळेत तुलना झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्हीकडच्या काही मण्यांची काच एकाच रासायनिक जातीची निघाली. त्यात युरेनियमचा नैसर्गिक अंश होता. ज्या वाळूची काच केली त्या वाळूनेच तो दिलेला. आफ्रिकेकडूनही माणसं इकडे आली. बीदर शहराबाहेर हबशी कोट नावाची टेकडी आहे, तिथे हबशी सरदारांच्या कबरी आहेत. मलिक अंबर तर मराठी मुलुखाच्या इतिहासातच मिसळून गेला. चौलचे मणी आणि बीदरचे हबशी दोन्ही पूर्व आफ्रिकेच्या वाटेवरचे. पश्चिम आफ्रिकेशी दुवा जोडणारी वस्तू वेगळीच आहे, ती म्हणजे कवडी. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या जहाजांनी पश्चिम आफ्रिकेत नेल्या, तिथे त्या शतकानुशतकं पैसा म्हणून चालल्या, आणि घानाच्या आजच्या सेडी या चलनाचं नाव कवडीवरूनच पडलं. इकडे तुळजापूरच्या भवानीचे आराधी तीच कवड्यांची माळ गळ्यात घालतात. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशी जोडयात्रा करणाऱ्याने ती माळ पाहिलेली असते.

मणी कसा वाचावा

बाजारात उभ्या असलेल्या वाचकाच्या हाती काहीतरी लागावं म्हणून इथे थोडं थांबतो. मणी उजेडाकडे धरून साध्या भिंगातून पाहिला तर तो आपली जन्मकथा सांगतो. काचेत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. बुडबुडे लांबट असतील आणि भोकाच्या दिशेने पसरले असतील, तर काचेची नळी ओढून तिचे तुकडे करून तो मणी केला आहे. बुडबुडे किंवा रेषा भोकाभोवती फेर धरून असतील, तर मऊ काच तारेभोवती गुंडाळून केला आहे. मण्याच्या अंगावरून बारीक शिवण गेली असेल, तर तो साच्यात दाबून काढलेला, बहुधा कारखान्यातला आहे. अंग कणीदार आणि काचेपेक्षा दगडाच्या जवळचं वाटलं, तर काचपुडीचा, क्रोबो जातीचा.

स्फटिकाच्या माळेलाही हीच कसोटी लावता येते. स्फटिक हा खनिज क्वार्ट्‌झ. त्यात काचेसारखे गोल बुडबुडे नसतात. तो काचेहून कठीण असतो, काचेवर ओरखडा काढतो, आणि हाताला जास्त वेळ गार लागतो. स्फटिकाच्या भावाने काच घेऊ नये एवढं यावरून कळतं. पण काचेचा मणी काच म्हणून घेतला तर त्यात उणेपणा काहीही नाही. वाळू, सोडा आणि चुना आगीत घालून माणसाने केलेला तो पदार्थ आहे. कितीही वेळा वितळवला तरी तो काचच राहतो, आणि जुनी काच मिसळली की नवी काच वितळवायला आचही कमी लागते. फुटक्या काचेला पुनर्जन्म देण्याची सोय निसर्गानेच ठेवली आहे.

आपले मणी होतात कुठे

आपल्याकडची ही विद्या मेलेली नाही, पण तिच्यावरचं नाव पुसलं गेलं आहे. आंध्र प्रदेशात श्रीकाळहस्तीजवळ पापानायडुपेट नावाचं गाव आहे. तिथे नळी ओढून मणी करायची दोन हजार वर्षांपूर्वीची पद्धत अगदी अलीकडेपर्यंत चालू राहिली. भट्टीच्या एका तोंडातून काचेचा तापलेला गोळा लोखंडी नळीवर धरायचा आणि समोरच्या बाजूने एका माणसाने आकडीने काचेची धार पकडून न थांबता ओढत राहायचं. बारीक पोकळ नळी तयार होते, तिचे तुकडे पाडतात, ते राखेबरोबर पुन्हा तापवून कडा गोल करतात. अरिकमेडूपासून आग्नेय आशियापर्यंत सापडणारे छोटे एकरंगी मणी याच रीतीचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून अभ्यास केलेले आलोक कुमार कानुंगो यांनी या कारागिरांमध्ये राहून त्यावर लिहिलं आहे.

उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला घरोघर दिव्याच्या झोतावर मणी होतात. काचेची कांडी झोतात मऊ करायची आणि मातीचा लेप दिलेल्या तारेभोवती गुंडाळायची. क्रोबो साच्याला देतात तो केओलिनचा हात आणि हा तारेवरचा लेप, दोन्हींचं काम एकच. काचेच्या कांड्या फिरोजाबादच्या भट्ट्यांतून येतात, आणि त्या भट्ट्यांच्या पोटात बाटल्यांची फुटकी काच, जुन्या बांगड्यांचे तुकडे, भंगार हे सगळं जातं. म्हणजे टाकलेल्या काचेचा मणी ही आपल्यालाही नवी गोष्ट नाही. महाराष्ट्रात काचारी समाज बांगड्या करी तेव्हा जुनी काच पुन्हा भट्टीत घालणं हा धंद्याचा भागच होता. मण्यार आणि कासार दारोदार बांगड्या भरत, आणि वाढलेल्या बांगड्यांच्या तुकड्यांनाही मोल असे.

या धंद्याची दुसरी बाजू लपवू नये. फिरोजाबादच्या भट्ट्यांपुढे लहान मुलांनी काम केलं, ती भाजली, खोकली. १९९६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या परिसरातल्या कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरण्याचा आदेश दिला, त्याने धूर कमी झाला. मजुरीचा प्रश्न राहिलाच. मणी पाकिटातून किलोवर विकला जातो, दलालाच्या हातून दलालाच्या हातात जातो, आणि गाणगापूरला पोचेपर्यंत त्यावर करणाऱ्याचा अंगठाही उरत नाही. स्वस्त मणी स्वस्त कसा झाला, हे विचारायला आपण तिथे नसतो. घानातही हे संकट आहे. कारखान्यातल्या स्वस्त नकला त्यांच्या बाजारात येतात. पण क्रोबो माणूस आपला मणी ओळखून दाखवतो, आणि विकत घेणारीही ओळखते. आपल्याकडे ओळखणारेच कमी झाले आहेत.

सीमाभागाची शिदोरी

बीदर-कलबुर्गीच्या या पट्ट्यात कारागिरीला नाव मिळवून देण्याची उदाहरणं हाकेच्या अंतरावर आहेत. बीदरची बिदरी पाहा. जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची तार ठोकायची आणि किल्ल्यातल्या जुन्या मातीच्या लेपाने त्याला काळं करायचं. ती माती त्याच किल्ल्यातली लागते, म्हणून ती कला त्याच गावाची. २००६ साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी या बिदरी कारागिराला पद्मश्री. आज बिदरीची सुरई हातात घेणारा माणूस बीदरचं नाव घेतो. पंढरपुरात काशीकापडी समाजाचे लोक तुळशीचं लाकूड तासून माळा करतात. वारकऱ्याला ठाऊक असतं की आपली माळ पंढरपूरची. कलबुर्गी जिल्ह्यातल्या लमाण तांड्यांवरच्या बाया मणी, आरसे आणि कवड्या कापडावर शिवतात. संडूरच्या लमाणी भरतकामाला मानांकन मिळालं आहे.

म्हणजे या भागात ओवणारे हात आहेत, काळे मणी गाठवणारे पटवेकरी आहेत, बाराही महिने गिऱ्हाईक आणणारं क्षेत्र आहे, आणि टाकलेल्या काचेची तर कुठल्याच यात्रेच्या गावाला कमतरता नसते. गुरुप्रतिपदेच्या यात्रेला आणि दत्तजयंतीला इथे माणसांचा महापूर येतो. क्रोबोंची रीत मोठ्या भट्टीची नाही. उखळ, चाळणी, मातीचा साचा, घरगुती भट्टी आणि सराव, एवढंच तिला लागतं. कर्नाटकात बायकांचे स्त्रीशक्ती गट गावोगाव आहेत. अशा एखाद्या गटाने घानाची रीत शिकून इथल्या काचेचा मणी करावा, त्याला गाणगापूरचं नाव द्यावं, यात अशक्य काही नाही.

मात्र ते डोळे उघडे ठेवून करावं लागेल. बाटलीची काच आणि बांगडीची काच एका मण्यात मिसळली तर गार होताना दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि मणी तडकतो, म्हणून काच आधी वेगळी निवडावी लागते. कुटताना उडणारी धूळ छातीत जाते, म्हणून तोंडाला फडकं नव्हे, नीट मास्क हवा आणि काच ओली करून कुटायला हवी. जुन्या रंगीत काचेत शिसं असू शकतं, म्हणून बाळाच्या मनगटीला कोणती काच चालेल हे तपासूनच ठरवायला हवं. आणि पहिली काही वर्षं मणी महाग पडेल. क्रोबोंचाही कारखान्याच्या मण्याहून महागच पडतो. तो घेणारे आहेत, कारण कोणी केला ते त्यांना माहीत असतं.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट पटली आहे. मणी टिकतो तो काचेच्या बळावर नव्हे, त्याला ओळखणाऱ्या माणसांच्या बळावर. क्रोबो बाईने दिपोसाठी आजीचा सर जपला म्हणून डोंगरावरून हाकलल्यावरही तिच्या समाजाची भट्टी विझली नाही. आपण काळी पोत जपतो, पण पोत करणाऱ्याला विसरलो. ही भूल सुधारायला कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहायला नको.

म्हणून वाचकांना विनंती आहे. यंदा गाणगापूरला, तुळजापूरला, पंढरपूरला जाल तेव्हा माळ घेण्याआधी दुकानदाराला विचारा: हा मणी कुठला, कोणी केला? उत्तर मिळालं नाही तर शेजारच्या दुकानात विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर अकराव्यासाठी दुकानदार उत्तर शोधून ठेवील. आणि ज्या दुकानात करणाऱ्याचं नाव-गाव सांगता येईल, तिथली माळ चार पैसे जास्त पडली तरी तीच घ्या.